काकांचं धड, बाबांचं डोकं

माझा धंदा म्हणजे लोक जसे नाहीत तसे त्यांना दाखवणं. हनुवटी दोनाची एक करते, टकलावर केस पेरते, रुसलेल्या सासूला हसवते. सासूला वेळ जास्त लागतो. गेली वीस वर्षं या खुर्चीत बसून मी इतक्यांची पोटं आत घेतली आहेत की एखाद्या व्यायामशाळेनं माझा सत्कार करायला हवा होता. केला नाही.

सांगायचा मुद्दा, मी नवशिकी नाही. तरी त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी फाइल उघडली आणि पडद्यावर एक चौकट आली: ‘या फाइलचा काही भाग वाचता आला नाही. पुढे जायचं का?’ पोट उघडून झाल्यावर डॉक्टरनं विचारावं, तसं. मी ‘हो’ दाबलं. ‘नाही’ दाबून काय मिळणार होतं?

फोटो उघडला. खुर्चीत बसलेली आई, सत्तावीस वर्षांची. डावीकडे आठ वर्षांचा दादा. पुढे जमिनीवर चार वर्षांची मी, हातात चेंडू. आणि आईच्या उजव्या बाजूला, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, छाती काढून, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत उभे होते आमचे काका.

माझ्या मागे गिऱ्हाइकांच्या खुर्चीत आई बसली होती. आजची, अडुसष्ट वर्षांची. मांडीवर पर्स. ती पुढे वाकली, चष्मा नाकावर चढवला.

“भाऊजी इथे काय करतायत?” ती म्हणाली.

घ्या. आता सगळंच सांगणं आलं.

आमचे बाबा फोटोग्राफर. या दुकानात सेहेचाळीस वर्षं ते उभे होते. अख्ख्या वस्तीची लग्नं, बारशी, ओळखपत्रं त्यांनी काढली. आमच्या घरात मात्र भिंतीवर एक फोटो नाही. एक म्हणजे एक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घराला बघून म्हणत असावेत. “गिऱ्हाइकाचं आधी,” बाबा म्हणायचे. घरचे रोल काढायचे, धुवायचे, आणि निगेटिव्ह बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. छापायचे नाहीत. डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘घरचे – सवडीने’. ती सवड काही आली नाही. सात महिन्यांपूर्वी बाबाच गेले.

आई उद्या सकाळी दादाकडे निघाली होती, कायमची. दुसऱ्या शहरात. तिची खोली रिकामी झाली होती, दोन बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. “डब्यातला आपला एखादा फोटो घे आणि ह्यांना आमच्यात उभं कर. तिकडे भिंतीवर लावीन. पन्नास वर्षं त्या काळ्या खोक्यामागे लपले. कुणी विचारलं नवरा कसा होता, तर काय लायसन्स दाखवू?”

विनोद नाही, खरंच लायसन्स. बाबांचा चेहरा नीट दिसेल असा तेवढा एकच फोटो होता. त्यात ते नुकतीच अटक झाल्यासारखे दिसतात. आणि कान! बाबांचे कान म्हणजे उघडी कपाटाची दारं. ते मी थोडे लोटून घेतले.

डोकं मिळालं, धड कुठून आणायचं? तर धड काकांचं. बाबा कुठल्याच फोटोत नाहीत आणि त्यांचे धाकटे भाऊ एकूण एक फोटोत आहेत. कुणाचंही लग्न असो, काका नवऱ्यामुलाच्या शेजारी. एका लग्नात तर मुलीकडच्यांनी त्यांनाच हार घातला. उंची बाबांच्याच एवढी, सूट झकास. मी त्यांना उचललं, आईच्या शेजारी नेमकी माणसाएवढी जागा रिकामी होती तिथे ठेवलं, मान झाकली, वर बाबांचं डोकं बसवलं. आईला सांगितलं नाही. तिचं आणि भाऊजींचं कधी पटलं नाही, आणि बाबांचं तर त्याहून नाही.

हे झाकणं म्हणजे मास्क. चित्रावर चित्र अशा थरांची चळत असते, आणि प्रत्येक थराला एक मास्क, म्हणजे पांघरूण म्हणा. मास्क जिथे काळा, तिथे थर झाकलेला. जिथे पांढरा, तिथे उघडा. काहीही खोडायचं नाही, नुसतं झाकायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. या फोटोत तेवीस थर होते, तेवीस मास्क. तीन आठवडे खपले होते मी. आणि आता मास्क बिघडले होते. काकांचं डोकं झाकणारा मास्क पांढरा फटक पडला होता, आणि काका पुन्हा आपल्या जागी हजर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

“हे धड भाऊजींचं आहे?” आईनं विचारलं.

“तात्पुरतं.”

“म्हणजे मी उरलेला जन्म भिंतीवर भाऊजींच्या धडाकडे बघत बसणार होते?”

“आई, सूट बघ ना. सूट चांगला आहे.”

“सूट ह्यांचाच आहे. नेला तो परत आणून दिला नाही.”

मी कामाला लागले. फ्रेमवाला सहाला दुकान बंद करतो. आईची गाडी सकाळी साडेसहाची. म्हणजे पाच वाजेपर्यंत फोटो छापून त्याच्या हातात पडायला हवा, नाहीतर आई तशीच जाणार, रिकाम्या हातानं. आणि आई पुन्हा मागणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे.

बिघडलं कसं, हे विचारू नका. बरं, विचारा. आदल्या संध्याकाळी आईला टीव्हीवर मोठा करून फोटो बघायचा होता, म्हणून प्रत न काढता फाइलच पेनड्राइव्हवर हलवली. ती हलवली जात असतानाच मी पेनड्राइव्ह उपटला. गिऱ्हाइकांना मी रोज बजावते, घाईनं उपटू नका, दोन ठिकाणी ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्या ठिकाणी ठेवायला मला सवड झाली नव्हती. बापाच्या वळणावर गेले, दुसरं काय.

पहिला उपाय जगभर चालतो तोच: बंद करून पुन्हा उघडणं. उघडली. आता बाबांचं डोकं लायसन्सच्या निळ्या चौकोनासकट काकांच्या गुडघ्याशी येऊन पडलं होतं.

“पुढे जातंय की मागे?” आईनं विचारलं.

तेवढ्यात दादाचा फोन. दादा पाणीपुरवठा खात्यात आहे, त्यामुळे त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं.

“रिस्टार्ट केलंस?”

“केलं.”

“नीट केलंस का?”

“नाही दादा, वाकडं केलं.”

“चिडतेस कशाला? व्हायरस असेल. नाहीतर असं कर ना, सरळ फोटोवरच लिही, मध्यभागी, बाबांच्या आठवणीत.”

उंटावरचा शहाणा. मी फोन आईकडे दिला. तिनं त्याला बॅगेचं कुलूप, गोळ्यांचे डबे आणि स्टेशनवर वेळेवर येणं यावर वीस मिनिटं गुंतवून ठेवलं. आईचे माझ्यावर उपकार आहेत, त्यातला हा एक.

मग मी इंटरनेटवर शोधलं. हाच घोटाळा, अगदी असाच, एका गृहस्थाचा झाला होता. त्यानं सविस्तर लिहिलं होतं, चित्रं जोडली होती. खाली चौदा जणांनी ‘माझंही असंच झालंय’ म्हणून गळा काढला होता. आणि सगळ्यात शेवटी त्या गृहस्थाचं उत्तर: ‘सुटलं. धन्यवाद.’ कसं सुटलं ते नाही. नुसतं सुटलं. हा मनुष्य मला कधी भेटला तर त्याच्या फोटोला मी तीन हनुवट्या लावीन.

प्रोग्राम आपोआप एक प्रत ठेवतो, ती शोधून काढली. ती निघाली तीन आठवड्यांपूर्वीची. तिच्यात फक्त काका होते.

“ह्यांना काही जायचं दिसत नाही,” आई म्हणाली.

दोन वाजले. चहा झाला, दुसरा झाला. आता शेवटचा उपाय. नवी कोरी फाइल घ्यायची आणि जुन्यातला एकेक थर उचलून तिच्यात आणायचा. मास्क नुसता उघडून बघता येतो, काळ्यापांढऱ्या चित्रासारखा. माणसाच्या मास्कमध्ये माणसाचा आकार दिसायला हवा. माझ्या मास्कमध्ये दिसत होते पट्टे, चौकोन, कुठे नुसती पांढरी भिंत, कुठे नुसता अंधार. एकेक बाद करत गेले.

डोळ्यांचे थर बाद झाले, तशी फोटोतली आई, दादा आणि मी, तिघंही डोळे किलकिले करून बघायला लागलो.

“हे काय झालं?”

“मूळ फोटोत सगळ्यांचे डोळे असेच आहेत. तोंडावर ऊन होतं. दुसऱ्या फोटोंतले उघडे डोळे आणून मी बसवले होते.”

“माझे डोळेसुद्धा उसने?”

“तुझेच होते. दुसऱ्या दिवशीचे.”

आईनं पर्सची चेन उघडली आणि बंद केली. बाबांनी माणसाच्या तोंडावर ऊन कसं येऊ दिलं, हे मलाही फोटो स्कॅन करताना खटकलं होतं. पण खटकलं की दुरुस्त करायचं, विचार करत बसायचं नाही, ही माझ्या हातांची सवय.

उरला तळातला थर. हा मी सगळ्यात आधी केला होता, पहिल्या पाच मिनिटांत. कारण निगेटिव्हवर एक चूक होती आणि ती मला बघवली नव्हती. फोटोत फोटोग्राफरची सावली आली होती. बाबांच्या फोटोत! बाबा म्हणायचे, “स्वतःची सावली चौकटीत आणणारा फोटोग्राफर म्हणजे ताटात शिंकणारा वाढपी.” मी बारा वर्षांची असताना माझी सावली एका नवरीच्या पायावर पडली, तर आठवडाभर मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकदा चूक झाली असेल, तर ती लेकीनं झाकायला नको? मी चित्र मोठं करून, तुकड्या-तुकड्यानं, जमिनीचं आणि भिंतीचं स्वच्छ ठिगळ लावून ती सावली मुजवली. वर काकांना उभं केलं. बापाची अब्रू राखली म्हणून स्वतःवर खूशही झाले होते.

त्या ठिगळाचा मास्क आता पूर्ण काळा होता. म्हणजे ठिगळच झाकलं गेलं होतं. मी काकांचा थर बंद केला. काका गेले.

आणि ती सावली दिसली. अख्खी, पहिल्यांदाच. कमरेपर्यंत जमिनीवर लांबलेली, कमरेपासून वर मागच्या भिंतीवर चढलेली. आईच्या शेजारी, त्या माणसाएवढ्या रिकाम्या जागेत, बरोबर मावलेली.

“ते काय आहे?” आईचा आवाज बदलला होता, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. सव्वातीन.

“काही नाही, चूक आहे. सावली आलीय. काढते लगेच.”

“थांब.”

“आई, वेळ नाहीये, मला अजून—”

“थांब म्हटलं ना! हात काढ त्याच्यावरून.” ती उठली. पर्स खाली पडली, ती तिनं उचललीसुद्धा नाही. पडद्याजवळ आली आणि सावलीच्या डोक्याजवळ बोट नेलं. “कान बघ,” ती म्हणाली.

मी बघितलं. भिंतीवर दोन्ही बाजूंनी कपाटाची दारं उघडी होती.

“त्या दिवशी तू भोकाड पसरलं होतंस,” आई म्हणाली. “भूक लागली म्हणून. तुझा दादा घरी चला, घरी चला करत होता. आणि हे घड्याळ बघत बसलेले. मी म्हटलं, काढा की एकदाचा. तर म्हणाले, थांबा जरा, ऊन खाली येऊ दे, मलाही यायचंय. मग मला खुर्ची सरकवायला लावली. इकडे जागा सोड म्हणाले. मला वाटलं, कॅमेरा स्टँडवर आहे, बटण दाबून पळत येतील. कसले येतायत! कॅमेऱ्याच्या बटणाची ती लांब तार हातात धरून आपले तिकडेच बाजूला उभे. फोटो काढला, स्टँड मिटलं. मी म्हटलं, अहो, तुम्ही येणार होतात ना? तर म्हणाले, आलोय. छापल्यावर बघ.”

“आणि?”

“आणि काय? छापला कुठे ह्या माणसानं!”

तिला हसू आलं, मग ते हसू मध्येच मोडलं. ती माझ्या खुर्चीच्या दांडीला धरून उभी राहिली. “दोनतीनदा विचारलं. सवडीनं छापतो म्हणाले. मग मी विचारायचं सोडलं. एकेचाळीस वर्षं टोमणे मारले गं मी. घरच्या फोटोत उभं राहायला ह्यांना कमीपणा वाटतो, असं चारचौघांत बोलले. एकदा तरी म्हणायचं, की अगं आलोय मी. नुसते हसायचे.”

मला काय वाटलं ते सांगते. आधी बाबांचा राग आला, असा की समोर असते तर भांडले असते. मग स्वतःची लाज वाटली. फोटोत एवढी रिकामी जागा बाबांनी कधीच सोडली नसती. दोन माणसांत बोट जाईल एवढी फट दिसली तरी ओरडायचे, “हा फोटो आहे का बसथांबा?” तोंडावर ऊन त्यांनी कधीच येऊ दिलं नसतं. आणि सावली तर नाहीच नाही. तीनही गोष्टी माझ्यासमोर होत्या आणि मी तीनही दुरुस्त केल्या. डोळे उघडले, सावली पुसली, आणि जिथे ते उभे होते नेमकं तिथेच काकांना नेऊन ठेवलं. मी रडले. मला रडताना बघून आईनं नाक ओढलं आणि म्हणाली, “साडेतीन झाले. त्याचं दुकान सहाला बंद होतं ना?”

“डोळे उघडू का परत?”

“किलकिलेच राहू देत. ह्यांच्याचसाठी किलकिले केले होते.”

“आणि काका?”

“भाऊजींना आधी घालव.”

मी थर पुसत गेले. झाकले नाहीत, पुसले. काकांचं धड, लायसन्समधलं डोकं, उसने डोळे, ठिगळ, सगळं. बावीस गेले, एक राहिला. वीस वर्षांचा अनुभव, तीन आठवड्यांची मेहनत, आणि माझं एकूण काम शून्य. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोटो फ्रेमवाल्याच्या हातात पडला, पावणेसहाला फ्रेम घेऊन आम्ही दुकानात परत आलो. आईनं ती काउंटरवर उभी करून ठेवली आणि समोर बसली. मी मोबाइलवर फ्रेमचा फोटो काढून दादाला पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

“झकास!” दादा म्हणाला. “पण बाबा कुठे आहेत? आणि भिंतीवर कुणाची तरी सावली राहिलीय बघ. तेवढी काढून टाक, सोपं असतं ते.”

मी तोंड उघडायच्या आत आईनं फोन ओढून घेतला. “हात लावाल तर याद राखा,” ती म्हणाली. “तुझे बाबा आहेत ते.”

“काय? अगं पण...” दादा थांबला. तोही याच दुकानात वाढलाय. फोटो मोठा करून बघत असणार. “आई, आपले सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेत. बाबांनी आपल्याला उन्हाकडे तोंड करून उभं केलं?”

“हो.”

दिवसभर सल्ले देणारा दादा हळू आवाजात म्हणाला, “मला आठवतंय. ते म्हणाले होते, मलाही यायचंय.”